दुसऱ्या बक्षिसाची लिफ्ट

आम्हाला लॉटरीचं दुसरं बक्षीस लागलं, ही बातमी मी ज्याला ज्याला सांगितली त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "मग पहिलं कुणाला लागलं?"

जणू ते मीच कुठेतरी विसरून आलो होतो.

रक्कम मी सांगणार नाही. बायकोची तशी सक्त ताकीद आहे. एवढंच सांगतो की नोकरी सोडावी इतकी ती मोठी नव्हती आणि कुणाला न सांगता गप्प बसावं इतकी लहानही नव्हती. मधल्या मापाच्या श्रीमंतीचा हाच घोळ असतो. माणूस रोजच्यासारखा डबा घेऊन ऑफिसला जातो आणि शिपाई त्याला "या शेठ" म्हणतो. मी बावीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे बसतो आहे. तिथे मला लोकांनी बरंच काही म्हटलं आहे, पण "शेठ" इतकं काहीच लागलं नव्हतं.

सल्ल्यांना तर तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे वकील, जे आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरीही आहेत, म्हणाले, "जमीन घ्या. कागदपत्रं मी बघतो." तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या तेव्हा मी नुसता हसलो, तर म्हणाल्या, "आधी ती उजवीकडची खालची दाढ करून घ्या. आता पैशांचं कारण सांगू नका." तळमजल्यावरचे मास्तर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "काहीही करू नका. सहा महिने नुसते बसा." सगळ्यांत हा एकच सल्ला शहाणपणाचा होता. म्हणून तो कुणीच मनावर घेतला नाही.

मनावर घेतलं ते सासूबाईंचं बोलणं.

सासूबाई आमच्याकडे, म्हणजे चौथ्या मजल्यावर राहतात. गुडघा धरल्यापासून पावणेदोन वर्षांत त्या खाली उतरलेल्या नव्हत्या. पण म्हणून त्या घरात बसून असतात असं समजू नका. त्या गॅलरीत बसून असतात, आणि तिथून सबंध रस्ता चालवतात. भाजीवाल्याशी घासाघीस चार मजल्यांवरून, टोपली दोरीने खाली, आणि एखादं वांगं किडकं निघालं तर तेच वांगं त्याच टोपलीतून परत. तर त्यांना एका दुपारी मी जरा श्रीमंत आवाजात विचारलं, "आई, तुम्हाला काय आणू? संकोच करू नका."

त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काही आणू नका, जावईबापू. मलाच जरा खाली न्या."

एवढं बोलून त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट बसवायची असं ठरलं.

लिफ्ट फुकट मिळणार म्हटल्यावर बिल्डिंगच्या बैठकीत टाळ्या पडतील अशी माझी अपेक्षा होती. मी तर नम्रपणे दोन शब्द बोलायचीही तयारी केली होती. पण मी बोलल्यावर सगळे माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी पाळण्यासाठी हत्ती आणतो म्हणालो होतो.

"फुकट देताय," वकील चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे काहीतरी हेतू असणार. हे मी मित्र म्हणून नाही बोलत, वकील म्हणून बोलतोय."

"हेतू आहे ना. सासूबाईंना खाली आणायचंय."

"एका व्यक्तीसाठी?" वकिलांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

डॉक्टरीणबाईंना लिफ्ट मान्य होती, पण आत आरसा हवा होता. "माझे पेशंट घाबरलेले असतात. वर येता येता आपले दात एकदा बघतील, म्हणजे मग खुर्चीत वाद घालणार नाहीत." पहिल्या मजल्यावरचं कुटुंब म्हणालं की आम्हाला लिफ्ट नकोच आहे, पण आली तर ती आमच्याकडे थांबलीच पाहिजे.

खरा विरोध मास्तरांचा. लिफ्ट बसायची जागा एकच होती, बिल्डिंगच्या मागच्या अंगाला, म्हणजे नेमकी त्यांच्या खिडकीसमोर. "पस्तीस वर्षं मी त्या खिडकीत बसून सकाळी वाचतो," ते म्हणाले. "तुम्ही माझा उजेड घेणार आणि मला लिफ्ट देणार. मी तळमजल्यावर राहतो हो! मी लिफ्टने कुठे जाऊ?"

मी आवेशात म्हणालो, "मास्तर, तुम्हाला दुसऱ्या भिंतीत नवी खिडकी काढून देतो."

माणसाने आवेशात बोलू नये. निदान खिशात पैसे असताना तरी नाही.

नवी खिडकी झाली. ती उघडल्यावर कळलं की पलीकडे स्कूटर लावायची शेड आहे आणि मास्तरांच्या वाचनात पेट्रोलचा वास येतो. म्हणून शेड हलवली. ती जिथे बसली तिथून तिच्या छपरावर चढून वकिलांच्या गॅलरीत कुणीही येऊ शकेल, असं वकिलांच्या लक्षात आलं. म्हणून वकिलांच्या गॅलरीला लोखंडी जाळी. ती जाळी बघून पहिला मजला म्हणाला, चोर दुसऱ्या मजल्यावर जाताना वाटेत आमच्याकडे थांबणार नाही कशावरून? म्हणून तिथेही जाळी. तोवर लिफ्टचा एक खिळाही आला नव्हता. आला होता तो फक्त लिफ्टवाला, बारीक मिशीचा, अत्यंत गोड बोलणारा गृहस्थ, जो दर मंगळवारी येऊन मोकळ्या जागेकडे कौतुकाने बघायचा आणि चहा पिऊन जायचा.

परवानग्यांचं सगळंच सांगत बसलो तर तुम्ही उठून जाल. एकच सांगतो. एका अर्जात रकाना होता, "लिफ्टचे प्रयोजन". मी लिहिलं, "वर-खाली जाणे." अर्ज तीन आठवड्यांनी परत आला, वर लाल शाईत शेरा : "नेमके वर की खाली, ते स्पष्ट करावे."

मी मुळीच चिडलो नाही. उलट त्या शेऱ्याकडे मी जाणकाराच्या नजरेने बघितलं. असे शेरे मारायला सराव लागतो. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "आधी खाली, मग वर," आणि परवानगी मिळाली.

मग खड्डा खणायला सुरुवात झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेदहाला पाण्याचा मोठा पाइप फुटला.

पाणी उडालं ते सरळ मास्तरांच्या जुन्या खिडकीतून आत. मास्तर नव्या खिडकीत वाचत बसले होते, म्हणून वाचले. कामगार खड्ड्यातून वर उड्या मारून पळाले. वरून सासूबाई ओरडल्या, "अहो, रस्त्यावरचा कॉक बंद करा! त्या हिरव्या झाकणाखाली असतो!" पण रस्त्यावर हिरवी झाकणं तीन होती, आणि तिन्ही उघडायला आमच्याच खात्याची किल्ली लागते.

मी रजेवर होतो. तसाच ओल्या चपलांनी ऑफिस गाठलं. आत शिरणार तर दारावरचा नवा पहारेकरी म्हणाला, "तक्रार? तिकडे रांगेत." मी त्याला माझा हुद्दा सांगितला. तो माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघून म्हणाला, "सगळे असंच सांगतात."

आणि अशा रीतीने मी बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याच खिडकीसमोर, पण बाहेरच्या बाजूने, रांगेत उभा राहिलो. सव्वा तास. बाहेरून ती खिडकी फार खाली आहे, हे मला माहीत नव्हतं. माणसाला कमरेत वाकूनच बोलावं लागतं.

आत माझ्या जागेवर आमच्या खात्यातली नवी मुलगी बसली होती. मीच तिला तयार केलं आहे. हुशार पोरगी.

"सर! तुम्ही इकडून?"

"अगं, आमच्या बिल्डिंगमध्ये मोठा पाइप फुटलाय. आधी माणूस पाठव."

तिचा चेहरा लगेच सपाट झाला. चेहरा सपाट कसा करायचा हेही मीच शिकवलेलं. "अर्ज आणलाय का, सर? दोन प्रतींत? डाव्या बाजूला समास सोडून?"

"अगं बाई, पाणी वाहतंय तिकडे!"

"पाणी वाहतंय हे तक्रारीचं स्वरूप झालं. निकड वेगळ्या रकान्यात. तुम्हीच म्हणता ना सर, दोन्हींची गल्लत करायची नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आटपा लवकर. आम्ही पण कामधंदा सोडून आलोय."

मी उभ्या उभ्या, वाकून, दोन प्रतींत अर्ज लिहिला. तिने नकाशा काढला. बराच वेळ त्यावर बोट फिरवलं. मग अगदी मनापासून वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "सर, नकाशात तुमच्या बिल्डिंगखाली पाइपच नाहीये."

"मग आम्ही एवढी वर्षं जे पितोय ते काय आहे?"

"ते मी कसं सांगणार? पण जो पाइप नाही तो फुटू शकत नाही, सर."

हे वाक्य माझं होतं. दहाएक वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी ते ऐकवलं होतं, आणि नंतर चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून हशा मिळवला होता. ते गृहस्थ खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेले हात उचलून निघून गेले होते. त्यांचा पाइप पुढे कुणी दुरुस्त केला का, हे मला आजतागायत माहीत नाही.

माझं तोंड बघून पोरगी जरा घाबरली असावी. तिने इकडेतिकडे बघितलं, हळूच फोन उचलला आणि दुरुस्तीच्या माणसांना पाठवलं. नियमाबाहेर. मी तिला हे कधीच शिकवलं नव्हतं.

नसलेला पाइप दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले. तीन दिवस सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन टँकरपाशी. डॉक्टरीणबाईंचे पेशंट चूळ भरायला घरून बाटली घेऊन यायचे. पहिला मजला मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "लॉटरी लागली यांना आणि पाणी गेलं आमचं." मला तोंड वर करून बघवेना. सासूबाईंनी मात्र गॅलरीतून टँकरच्या रांगेचा ताबा घेतला. "ए निळा शर्ट, तुझ्या दोन बादल्या झाल्या! मास्तरांना पुढे घ्या, ते किती वेळ उभे आहेत!" मास्तरांनी मान वर करून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हात जोडले.

अखेर पाच महिन्यांनी लिफ्ट उभी राहिली. चकचकीत, राखाडी, आत आरसा. बक्षिसातलं तोवर जे उरलं होतं त्यात फार तर माझी दाढ झाली असती. पण ते असू दे. रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग खाली जमली. वकिलांनी स्वतः दोन वाक्यांचं भाषण केलं, त्यात "आम्हा सर्वांच्या प्रयत्नांतून" असे शब्द आले. वर सासूबाई सकाळी सातपासून तयार होऊन बसल्या होत्या. नवी चप्पल, हातात पर्स. पर्समध्ये काय होतं कोण जाणे, सव्वादोन वर्षांत त्यांना पर्स लागलीच नव्हती.

मी लिफ्टमध्ये शिरलो. चौथ्या मजल्याचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि बोट तसंच हवेत राहिलं.

बटणं चार होती. तळमजला, एक, दोन, तीन.

"चौथं कुठाय?" मी विचारलं.

"हेच की चार," लिफ्टवाला गोड हसून म्हणाला.

"चौथा मजला हो!"

त्याने पिशवीतून कागद काढला. खाली माझी सही, झोकदार, शेपटीसकट. वर लिहिलं होतं : थांबे, चार. "तळमजला धरून मोजतात ना साहेब. तळ, पहिला, दुसरा, तिसरा. झाले चार थांबे. मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, वाचून घेतलंत का म्हणून. तुम्ही म्हणालात, 'मी बावीस वर्षं अर्जच वाचतोय.'"

म्हणालो होतो खरा.

"मग आता वाढवा एक मजला."

"वाढवू की. नवा नकाशा, नवी परवानगी, सहा-आठ महिने. आणि..." त्याने रक्कम सांगितली नाही, फक्त माझ्याकडे कनवाळूपणाने बघितलं. ती रक्कम मास्तरांच्या खिडकीत, स्कूटरच्या शेडमध्ये, दोन जाळ्यांत आणि एका आरशात बसवून झाली होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वकील खाली बघून वही चाळू लागले. मी जिन्याने वर निघालो. चार मजले चढताना माझ्या डोक्यात चार वेगवेगळी वाक्यं तयार झाली, आणि दारात पोचलो तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

"आई," मी म्हणालो, "लिफ्ट झाली. पण ती तिसऱ्या मजल्यापर्यंतच येते. चूक माझी आहे. मी नीट वाचलं नाही."

बायकोने कपाळाला हात लावला. मला वाटलं आता सासूबाई पर्स बाजूला ठेवतील. पर्स बाजूला ठेवलेली मला बघवली नसती.

"मध्ये पायऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

"अठरा."

"मोजल्यात, की तिथेही सही केलीत?"

"मोजल्यात."

"मग चला. सहा उतरेन, बसेन. परत सहा. खुर्ची आणा कुणीतरी."

खुर्ची डॉक्टरीणबाईंनी आणली, दवाखान्यातली. वकिलांनी ती जिन्याच्या वळणावर धरून ठेवली. एका बाजूने बायको, दुसऱ्या बाजूने मी, आणि सबंध जिनाभर सल्ले. उजवा पाय आधी. नाही, दुखरा पाय आधी. कठडा धरा. कठडा धरू नका, तो हलतो. नवव्या पायरीवर सासूबाई थांबल्या. घाम आला होता, ओठ घट्ट मिटलेले. मी हळूच म्हणालो, "आई, परत जाऊ या का?"

"परत म्हणजे नऊ चढायच्या," त्या म्हणाल्या. "खालीही नऊच आहेत. हिशेब सारखाच पडतो. सगळ्यांना जरा गप्प बसायला सांगा."

सगळे गप्प बसले. आमच्या बिल्डिंगच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. अर्ध्या तासाने अठरावी पायरी संपली आणि सासूबाई लिफ्टमध्ये शिरल्या. आरशासमोर उभ्या राहून त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि बटण स्वतःच दाबलं.

खाली मास्तर उभे होते. त्यांनी आपल्या घरातून वेताची खुर्ची आणून अंगणात ठेवली होती, नव्या खिडकीसमोर. "बसा," ते म्हणाले. "त्या तीन दिवसांत तुम्ही माझा नंबर पुढे घेतलात, ते मी विसरलेलो नाही." सासूबाई बसल्या. त्यांनी जमिनीवर पाय टेकवले, चपला काढल्या आणि मातीवर तळवे ठेवले. भाजीवाला रस्त्यावरून जात होता, तो त्यांना बघून थबकला. "आजी, तुम्ही एवढ्याशाच आहात होय?" तो म्हणाला. "वरून केवढ्या मोठ्या वाटता!"

दहा मिनिटांत वीज गेली.

लिफ्टमधला दिवा विझला. मी धावत जाऊन बटण दाबून बघितलं, मग लिफ्टवाल्याला फोन लावला, मग वीज कंपनीला. तिथल्या माणसाने मला तक्रारीचं स्वरूप विचारलं. मी स्वरूप आणि निकड वेगवेगळी सांगितली. तरी तो म्हणाला, तीन तास. मधल्या काळात सासूबाईंना चष्मा हवा झाला, म्हणून मी चार मजले चढून चष्मा आणला. मग दुपारची गोळी. मग मास्तरांना दाखवायचा जुना फोटो. मग तो फोटो चुकीचा निघाला म्हणून दुसरा. लिफ्टचा मालक त्या दिवशी चार वेळा चार मजले चढला आणि उतरला, आणि वकिलांनी ते मोजलं.

चौथ्या खेपेनंतर मी धापा टाकत त्यांच्यापाशी येऊन म्हणालो, "आई, माफ करा. तीन तास लागतील म्हणतात. तुम्ही इथेच अडकलात."

"सव्वादोन वर्षं वर अडकले होते," सासूबाई म्हणाल्या. "आता जरा खाली अडकते. तुम्ही कशाला कासावीस होता? बसा."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. बायको शेजारी येऊन बसली. मास्तर आतून चहा घेऊन आले. चहा अतिशय पाणचट होता आणि सासूबाईंनी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. मास्तर म्हणाले, उद्या तुम्हीच करून दाखवा. उद्या, असं ते म्हणाले, आणि सासूबाईंनी त्याला हरकत घेतली नाही. मग त्यांनी मास्तरांना फोटोतली माणसं एकेक करून सांगायला घेतली. कोण कुणाची मावशी, कुणी कुणाचं लग्न मोडलं, सगळं.

वीज कंपनीच्या माणसाने तीन तास सांगितले होते, पण पाऊण तासातच लिफ्टमध्ये दिवा लागला. मी उठायला लागलो, तर बायकोने माझी बाही धरून मला खाली बसवलं.